निवडुंग आतून कधीच कोरडा नसतो

प्रश्न असा आहे: ‘निवडुंगाला पाने नसतात, काटे असतात, खोडात पाणी साठते, म्हणून तो वाळवंटात जगतो, एवढे शाळेत शिकलो. पण हे नेमके चालते कसे? आणि वाळवंटात महिनोन्महिने पाण्यावाचून तगणारे हे झाड कुंडीत थोडे जास्त पाणी पडले की आठवड्याभरात कुजून का जाते?’

दोन्ही प्रश्नांचे मूळ एकच आहे, पण तिथवर पोचायला जरा लांबून यावे लागेल. मी आधी वनस्पतिशास्त्र शिकवत होते आणि गेली पंचवीसेक वर्षे निवडुंग बियांपासून वाढवते आहे. या काळात मला सगळ्यांत जास्त वेळा भेटलेला गैरसमज आधी बाजूला ठेवते. निवडुंग कोरडेपणा सोसतो, असे आपण सर्रास म्हणतो. तो सोसत नाही. तो कोरडेपणा आत शिरूच देत नाही.

कोरडेपणा खरोखर सोसणारी झाडे वेगळी. उत्तर अमेरिकेच्या वाळवंटात क्रिओसोट नावाचे झुडूप असते. त्याच्या पेशींतले पाणी इतके कमी होते की दुसरे कुठलेही झाड केव्हाच मेले असते, तरी ते तग धरते आणि मातीच्या कणांना चिकटलेला शेवटचा ओलावाही खेचून घेते. चिवावा वाळवंटातली सेलाजिनेला त्याच्याही पुढची. ती पार वाळून मुठीसारखी आवळते आणि पाणी मिळाल्यावर काही तासांत उलगडून हिरवी होते. निवडुंगाला यातले काही जमत नाही. त्याच्या जिवंत भागात वजनाच्या ८५ ते ९० टक्के पाणी असते आणि बाहेर काहीही चालले असले तरी ते बऱ्यापैकी तसेच राहावे लागते. भर उन्हाळ्यात वाळवंटातल्या त्या साऱ्या पट्ट्यात सगळ्यांत ओली वस्तू कोणती, तर निवडुंग.

तेव्हा त्याच्यापुढचे काम दुहेरी आहे. पाऊस पडला की झपाट्याने भरून घ्यायचे, आणि मग ते पाणी महिनोन्महिने बाहेर जाऊ द्यायचे नाही. पाठ्यपुस्तके पहिल्या कामावर भर देतात. माझ्या मते खरी करामत दुसऱ्यात आहे. काकडीत निवडुंगापेक्षा जास्त पाणी असते, पण तोडलेली काकडी उन्हात दोन दिवस टिकत नाही. मी मुळापासून काढलेले गोल निवडुंग सावलीतल्या फळीवर तसेच ठेवून सहा-सहा महिन्यांनी लावले आहेत. ते आक्रसतात, पण लावल्यावर पुन्हा मुळे धरतात. बेगमी कुणालाही करता येते. ती पुरवून वापरणे अवघड.

यातून आणखी एक गोष्ट निघते. ज्याला साठ्यावर जगायचे आहे, त्याचा साठा कधी ना कधी भरला पाहिजे. म्हणून जिथे वर्षानुवर्षे पाऊसच नाही अशा, दक्षिण अमेरिकेतल्या अटाकामा वाळवंटाच्या गाभ्यात निवडुंग नाहीत. ते आहेत त्याच्या कडेला, जिथे समुद्रावरून धुके येते किंवा थोडा का होईना पाऊस होतो. निवडुंग हे पावसाशिवाय जगणारे झाड नाही. दोन पावसांमधले अंतर पार करणारे झाड आहे.

आता पानांकडे येऊ. निवडुंगाला पाने नसतात हे विधान जवळजवळ खरे आहे. फड्या निवडुंगाचा नुकता फुटलेला कोवळा फडा हातात घेऊन पाहा. त्यावर तांदळाच्या दाण्याएवढी, हिरवी, मांसल, टोकदार अशी काही दिसतील. तीच त्याची पाने. थोड्याच आठवड्यांत ती गळून जातात आणि मागे उरतो तो काट्यांचा झुबका. हा झुबका जिथून निघतो ती लोकरीसारखी गादी म्हणजे एरिओल. एरिओल ही खरे तर पानाच्या बेचक्यातली कळी आहे, वाढ खुंटलेली एक आखूड फांदी. तिची पाने काट्यांत बदललेली असतात. फूल तिच्यातूनच येते आणि नवी फांदीही तिच्यातूनच फुटते. निवडुंगाच्या कुळाखेरीज कुठल्याही झाडाला एरिओल नसते.

हे सांगण्याचे कारण आपल्या भाषेतला घोळ. मराठीत निवडुंग हा शब्द फार सैल वापरला जातो. त्रिधारी निवडुंग, थोर, शेर या साऱ्यांना आपण त्याच माळेत ओवतो, पण ही युफोर्बियाच्या कुळातली झाडे. त्यांना खरचटले की पांढरा चीक वाहतो, आणि काटे असले तरी ते लोकरीच्या गादीतून येत नाहीत. खरे निवडुंग मूळचे अमेरिका खंडांतले. एकच जात, झाडांवर लोंबणारी ऱ्हिप्सालिस बॅक्सिफेरा, आफ्रिका, मादागास्कर आणि श्रीलंकेतही आपसूक वाढते. युफोर्बिया आणि निवडुंग यांचा जवळचा संबंध नाही. तरीही दोघांनी पाने टाकली, खोड फुगवले, कंगोरे काढले. तहानेचा प्रश्न सारखा, म्हणून उत्तरही तसेच निघाले.

पाने टाकायची तर अन्न कोण बनवणार? खोड. त्यासाठी खोडाला साल धरू न देता वर्षानुवर्षे हिरवे ठेवावे लागते, त्यावर श्वासासाठी रंध्रे काढावी लागतात, आणि आतल्या जाड मांसात पाणी व साखर फिरवायला नळ्यांचे जाळे विणावे लागते. हे एका रात्रीत झालेले नाही. पेरेस्किया नावाचे निवडुंग आजही रुंद पानांची, साध्या झुडपासारखी झाडे आहेत. त्यांच्याकडे पाहिले की कळते, उथळ मुळे आणि पाणी मिळताच रंध्रे उघडून ते संपत आले की झटकन मिटण्याची रीत त्यांच्यात आधीच आहे. रूप बदलण्याआधी सवयी बदलल्या होत्या. हा क्रम मला फार विलक्षण वाटतो.

तुमच्या ओळखीचे एक उदाहरण देते. कुंडीत लावतात ते ब्रह्मकमळ, रात्री उमलणारे मोठे पांढरे फूल, हा एक निवडुंगच आहे. नाव एपिफायलम ऑक्सिपेटॅलम. हिमालयातले खरे ब्रह्मकमळ वेगळे. या झाडाची ‘पाने’ नीट बघा. लांब, चपटी, कडेला खाचा, आणि फूल येते ते त्या खाचेतून. पानाच्या कडेतून फूल कसे येईल? ते पान नाहीच, चपटे झालेले खोड आहे आणि खाचेत एरिओल आहे. हे झाड मूळचे जंगलात मोठ्या झाडांच्या फांद्यांवर राहणारे. वरकरणी ओली जागा, पण मुळांखाली मातीच नाही. पाऊस थांबला की तासाभरात सगळे कोरडे. म्हणून तिथेही निवडुंगाचीच काटकसर कामी येते.

यापुढचे थोडे भूमितीचे आहे. एक लिटर आकारमानाचा गोळा घेतला तर त्याचा पृष्ठभाग साधारण ४८० चौरस सेंटीमीटर भरतो. तेवढेच ऊतक ०.३ मिलिमीटर जाडीच्या पानांत पसरले, तर दोन्ही बाजू मिळून जवळजवळ ६.७ चौरस मीटर होतात, म्हणजे सुमारे १४० पट. पाणी उडते ते पृष्ठभागातून. गोल निवडुंग गोल का, याचे उत्तर एवढेच. पण पृष्ठभाग कमी म्हणजे ऊन टिपायला जागाही कमी, आणि त्याची किंमत तो आयुष्यभर मोजतो. त्याबद्दल पुढे सांगते.

गोळ्याची दुसरी अडचण अशी की तो फुगला तर साल तडकेल आणि सुकला तर वेडीवाकडी चुरगळेल. यावर उपाय कंगोऱ्यांचा. उत्तर अमेरिकेतल्या सोनोरा वाळवंटातला सग्वारो हा खांबासारखा निवडुंग बारा मीटर आणि त्याहूनही उंच होतो, कित्येक टन वजनाचा असतो, आणि त्याचे अंग वरपासून खालपर्यंत पेटीच्या भात्यासारखे घडीचे असते. एका चांगल्या पावसात तो शेकडो लिटर पाणी ओढतो आणि घड्या उघडतात. पुढे महिने जातात तशा त्या पुन्हा खोल होतात. साल ताणली जात नाही, नुसती उलगडते आणि मिटते. मॅमिलारिया या निवडुंगांत कंगोऱ्यांच्या जागी उंचवटे असतात, तेही सुकताना एकमेकांजवळ येतात आणि भरल्यावर दूर होतात. माझ्याकडच्या गोल्डन बॅरल या गोल निवडुंगाचे कंगोरे उन्हाळ्याच्या शेवटी इतके मिटतात की शेजारच्या रांगांतले काटे एकमेकांत अडकतात. पाणी दिल्यावर काही दिवसांत ते सुटे होतात. कंगोरे एकमेकांवर सावलीही धरतात. दिवसाच्या कुठल्याही वेळी झाडाचा काही भाग सावलीत असतोच.

आता श्वासाकडे. हे समजले की बाकीचे आपोआप जुळते, म्हणून इथे थोडी थांबते.

कुठल्याही हिरव्या झाडाची मूळ अडचण अशी: अन्न बनवायला हवेतला कार्बन डायऑक्साइड हवा, तो रंध्रांतूनच आत येतो, आणि रंध्रे उघडली की आतली वाफ बाहेर जाते. साधे झाड एक ग्रॅम कार्बन डायऑक्साइड मिळवायला चारशे ते पाचशे ग्रॅम पाणी घालवते. निवडुंगाचे काम पन्नास ते शंभर ग्रॅममध्ये भागते. कारण तो दिवसा रंध्रे बंद ठेवतो आणि रात्री उघडतो.

रात्रीने एवढा फरक का पडावा? झाडाच्या आतली हवा नेहमी वाफेने पूर्ण भरलेली असते. ४० अंश तापमानाला भरलेल्या हवेच्या एका घनमीटरात सुमारे ५१ ग्रॅम वाफ मावते, १५ अंशांना जेमतेम १३ ग्रॅम. बाहेरची हवा कोरडी असेल तर जितकी वाफ आत, तितकी बाहेर पडण्याची ओढ. वाळवंटात दुपार आणि पहाट यांच्यात एवढा फरक सहज असतो. म्हणजे तेच दार रात्री उघडले तर पाण्याची गळती चौथाईवर येते.

पण रात्री ऊन नाही, आणि उन्हाशिवाय साखर बनत नाही. मग रात्री आलेला कार्बन डायऑक्साइड ठेवायचा कुठे? निवडुंग तो आम्लाच्या रूपात ठेवतो. रात्रभर मॅलिक आम्ल बनत राहते आणि प्रत्येक पेशीतल्या मोठ्या पोकळीत साठत जाते. सकाळी दारे बंद होतात, आम्ल फुटते, कार्बन डायऑक्साइड आतल्या आत मोकळा होतो आणि त्यावर उन्हाच्या बळावर साखर बनते. संध्याकाळपर्यंत आम्ल संपते. या पद्धतीला कॅम म्हणतात. नाव पानफुटीच्या कुळावरून, क्रॅसुलेसीवरून, पडले आहे. ते योग्यही आहे, कारण हा प्रकार आधी जिभेने कळला तो पानफुटीतच. बेंजामिन हेन या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या लक्षात आले की पानफुटीचे पान सकाळी चांगले आंबट लागते आणि दुपारपर्यंत त्याची चव जाते. त्याचे हे निरीक्षण १८१५ साली लंडनच्या लिनियन सोसायटीने छापले. त्यामागचे रसायन उलगडायला पुढे शंभराहून अधिक वर्षे लागली. फड्या निवडुंगाच्या गरातही आंबटपणाचा असाच फेरा चालतो.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. आम्ल साठवायला पेशीत मोठी पोकळी लागते, आणि पाणी साठवायलाही तीच. निवडुंगाचे जाड मांस एकाच वेळी पाण्याची टाकी आणि रात्रीच्या श्वासाची कोठी असते. पाने टाकणे, खोड फुगवणे आणि रात्री श्वास घेणे या तीन वेगळ्या क्लृप्त्या नाहीत. एक काढली तर दुसरी लुळी पडते.

दुष्काळ फारच लांबला तर निवडुंग रात्रीही दार उघडत नाही. श्वसनातून जो कार्बन डायऑक्साइड आत तयार होतो, तोच पुन्हा आम्लात बांधतो आणि दिवसा वापरतो. वाढ शून्य, पण यंत्र चालू. पाऊस आला की ते पहिल्यापासून सुरू करावे लागत नाही. फळीवर सहा महिने पडलेले माझे निवडुंग याच जोरावर जगतात.

याचा तोटाही आहे. घाम येतो म्हणून आपले अंग थंड राहते, तसे साधे झाड दिवसा वाफ सोडून स्वतःला गार ठेवते. निवडुंगाने ते दार लावून घेतले आहे. उन्हात त्याचे खोड ५० अंशांच्या वर तापते. हळूहळू सवय झाली तर बऱ्याच जाती ६० अंशांच्या आसपासचा ताप सोसतात, आणि एवढे सोसणारी मोठी झाडे फार थोडी. पण ‘हळूहळू’ हा शब्द महत्त्वाचा. सावलीत वाढलेले रोप एकदम कडक उन्हात ठेवले तर दोन दिवसांत त्याच्या अंगावर पांढरट-तपकिरी चट्टा पडतो, आणि तो जन्मभर जात नाही. तसेच रात्र गार असेल तरच हा श्वास नीट चालतो. साधारण १० ते २० अंशांच्या रात्री बहुतेक जातींना मानवतात. रात्री फार गरम असल्या की दिवसा कितीही ऊन मिळो, वाढ मंदावते. अशा दिवसांत खत आणि पाणी वाढवून काही साधत नाही.

एकदा माझा एक जुना खांबासारखा निवडुंग बुंध्याशी कुजला, तेव्हा वरचा चांगला भाग वाचवायला मी तो आडवा कापला. बाहेरची साल सुरीला चामड्यासारखी लागली. तिच्यावर मेणाचा थर, खाली जाड भिंतींच्या पेशी. त्याच्या आत हिरवा थर, जेमतेम काही मिलिमीटरांचा. अन्न बनते ते एवढ्यातच. आणि त्याच्या आत पांढरा, पाणचट, बुळबुळीत गर, मध्यापर्यंत. बोट लावले तर भेंडीसारखी तार येते. तो चिकट पदार्थ पाणी धरून ठेवायला मदत करतो. पांढऱ्या गराच्या पेशींच्या भिंती पातळ आणि लवचीक असतात. पाणी कमी पडू लागले की आधी त्या घडी होऊन आकसतात आणि आपले पाणी बाहेरच्या हिरव्या थराला देतात. टाकी रिकामी होते, कारखाना ओला राहतो. बाहेरून झाड खंगलेले दिसते, पण जिथे काम चालते तिथे पाणी भरपूर असते. सग्वारोच्या अंगावर रंध्रेही विरळ असतात, पानाच्या तुलनेत कितीतरी कमी.

इथे एक इशारा. वाळवंटात अडकलेला माणूस बॅरल निवडुंग कापून पाणी पितो, हे दृश्य विसरा. आत पाण्याचा हौद नसतो, हाच चिकट गर असतो. त्यात ऑक्झॅलिक आम्ल आणि बऱ्याच जातींत अल्कलॉइड, म्हणजे कडवट आणि बाधणारी द्रव्ये, असतात. उलट्या किंवा जुलाब झाले तर अंगात असलेले पाणीही जाते.

काट्यांबद्दल थोडक्यात सांगते, कारण त्यांच्याबद्दलच सगळ्यांत जास्त चुकीचे लिहिले जाते. ‘बाष्पोत्सर्जन कमी व्हावे म्हणून पानांचे काटे झाले’ हे अर्धेच खरे. बाष्पोत्सर्जन कमी झाले ते पाने गेल्यामुळे. काटे नसते तरी ते कमी झालेच असते. काटे आहेत ते मुख्यतः राखणीला. जिथे सगळे तहानलेले, तिथे तुमच्याच अंगात पाणी असेल तर पहारा लागणारच. फड्या निवडुंगाच्या एरिओलमध्ये मोठ्या काट्यांच्या मुळाशी केसासारखे बारीक ग्लोकिड असतात. त्यांना उलट्या आकड्या असतात, म्हणून ते कातडीत शिरतात आणि चिमट्यानेही सहज निघत नाहीत. राखणीखेरीज काटे सावलीही धरतात. मेक्सिकोतला सेफॅलोसेरियस सेनिलिस, ज्याला म्हातारा निवडुंग म्हणतात, पांढऱ्या लांब केसांनी इतका झाकलेला असतो की खोड दिसत नाही. ते केस त्याला उन्हापासूनही वाचवतात आणि थंडीपासूनही. फड्याच्या ओपन्शिया मायक्रोडेसिस या जातीचे काटे धुक्यातले थेंब टिपून टोकाकडून बुडाकडे नेतात, हे चीनमधल्या संशोधकांनी २०१२ साली दाखवले. पण म्हणून प्रत्येक निवडुंग काट्यांनी पाणी पितो असे मात्र समजू नका. बहुतेकांचे पाणी मुळांतूनच येते.

काट्यांशिवाय जगणारेही आहेत. पेयोटे या छोट्या निवडुंगाला काटे नाहीत, त्याच्या गरात मेस्कलिन हे द्रव्य आहे, कडू आणि प्राण्यांना नकोसे. एरिओकार्पस तर दगडासारखा दिसतो आणि आकसणाऱ्या मुळांनी स्वतःला जमिनीत ओढून घेतो, म्हणजे ऊन लागते ते फक्त माथ्याला. चिलीच्या किनाऱ्यावरचा कोपियापोआ सिनेरिया डोके उत्तरेकडे कलवून उभा असतो. दक्षिण गोलार्धात सूर्य उत्तरेकडून येतो. कलल्यामुळे वाढत्या टोकाला ऊब मिळते आणि बाजूंना कमी ऊन लागते.

आता त्याने मोजलेली किंमत. पृष्ठभाग कमी, श्वास फक्त रात्री, आणि रात्रीत किती आम्ल साठवता येईल याला मर्यादा. परिणामी वाढ अतिशय हळू. सग्वारो दहा वर्षांचा होतो तेव्हा जेमतेम चार सेंटीमीटर उंच असतो. पहिला हात फुटायला पन्नास ते सत्तर वर्षे, कोरड्या जागी त्याहून जास्त. आयुष्य दीडशे ते दोनशे वर्षांचे.

आणि या साऱ्या व्यवस्थेतली सगळ्यांत कमकुवत जागा म्हणजे बालपण. बी रुजल्यावर निवडुंगाचे रोप हिरव्या टाचणीच्या डोक्याएवढे असते. तीन मिलिमीटर व्यासाच्या गोळ्याचा पृष्ठभाग, त्याच्या आकारमानाच्या मानाने, तीस सेंटीमीटरच्या गोळ्याच्या शंभरपट पडतो. जो आकार मोठ्याला वाचवतो तोच पिल्लाला मारतो. त्याच्याकडे साठा नाही, जाड साल नाही, काटे मऊ. सग्वारोच्या एका फळात दोन हजारांच्या आसपास बिया असतात, पण त्यातली क्वचितच एखादी मोठी होते, तीही बहुधा पालो व्हर्दे किंवा मेस्कीट यांसारख्या झाडाच्या सावलीत. ही दाई झाडे उन्हापासून, थंडीपासून आणि प्राण्यांच्या नजरेपासून त्याला वाचवतात. सलग दोन-तीन वर्षे पाऊस बरा झाला तरच रोपांची नवी पिढी टिकते. मी बी पेरते तेव्हा पहिले काही महिने रोपे झाकणाखाली, दमट हवेत आणि सावलीत ठेवते. निवडुंगाला ऊन आणि कोरडी हवा आवडते असे ऐकून कुणी ती सुरुवातीलाच उन्हात ठेवली, तर एकही हाती लागत नाही. प्रौढ निवडुंगाचे नियम त्या वयाला लागू नाहीत.

राहिली मुळे, आणि तिथेच तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आहे.

वाळवंटी झाड म्हणजे मुळे खोल, असे आपल्याला वाटते. मेस्कीटची असतात, निवडुंगाची सहसा नसतात. सग्वारोला मधोमध एक मूळ थोडे खाली जाते, बाकी सारी वरच्या दहा-पंधरा सेंटीमीटरांत, झाड जितके उंच तितकी लांबवर पसरलेली. वाळवंटातला पाऊस बहुतेक वेळा वरची माती भिजवून थांबतो, आणि तेवढेच पाणी निवडुंगाला गोळा करायचे असते. कोरड्या काळात त्याची केसासारखी मुळे मरून जातात. जाड मुळे उरतात, त्यांना बुचासारखी साल येते. माती सुकते तसे मूळही थोडे आकसते आणि मूळ व माती यांच्यात हवेची बारीक फट पडते. ही फट फार मोलाची. ती नसती तर तहानलेल्या मातीने झाडातलेच पाणी उलटे ओढून घेतले असते. पाऊस पडला की मूळ फुगते, फट बुजते, आणि काही तासांतच बाजूंनी नवी पांढरी मुळे फुटायला लागतात. त्यांना पावसाळी मुळे म्हणतात. माती पुन्हा सुकली की ती मरतात. कायमची ठेवायला पाणी लागते, आणि ते परवडत नाही.

आता कुंडीत काय होते ते पाहा. निवडुंग विश्रांतीत आहे, बारीक मुळे मेलेली आहेत, रात्री एकतर फार थंड आहेत किंवा फार गरम. अशा वेळी रोज थोडे थोडे पाणी दिले तर ते घ्यायला मुळेच नसतात. माती ओली राहते, तिच्यातली हवा संपते. मेलेली बारीक मुळे बुरशीला आयते खाद्य. तिथून ती जाड मुळात शिरते, आणि एकदा आत गेली की पुढचा रस्ता मोकळा आहे: ९० टक्के पाणी, पातळ भिंती, साखर. वाळवंटात जगायला उभारलेली टाकी बुरशीला मेजवानी ठरते. बाहेरची जाड साल धडधाकट दिसत राहते, म्हणून आपल्याला कळते तेव्हा आतला गर गेलेला असतो. पाणी जास्त झाले म्हणून निवडुंग मरत नाही. पाणी नको त्या वेळी, हवा नसलेल्या मातीत, फार वेळ राहिले म्हणून मरतो. वाळवंटातला पाऊसही धो-धो पडतो, पण दोन दिवसांत माती खडखडीत होते.

हे मला शिकायला एक अख्खी तुकडी गमवावी लागली. कुंड्या बदलताना मुळे तुटली होती आणि मी हौसेने लगेच पाणी दिले. तीन आठवड्यांत निम्म्याहून जास्त रोपे बुंध्याशी मऊ पडली. तेव्हापासून कुंडी बदलली की आठ-दहा दिवस पाण्याचा थेंब देत नाही. तुटलेल्या जागी कोरडी खपली धरू देते. कापलेल्या फांदीचेही तसेच. जखम पूर्ण सुकून कडक झाल्याशिवाय मातीत लावत नाही, मग दोन आठवडे लागोत की चार.

पाणी द्यायचे तेव्हा हात आखडू नका. कुंडीच्या तळातून वाहून जाईपर्यंत एकदाच भरपूर द्या, म्हणजे पावसाळी मुळे फुटतील. मग माती तळापर्यंत सुकू द्या. माती निम्म्याहून जास्त खडबडीत असू द्या: जाड वाळू, बारीक खडी, विटेचा चुरा किंवा परलाइट, काहीही ज्यात हवा राहील. वार ठरवून पाणी देण्यापेक्षा झाडाचे कंगोरे बघा. ते भरलेले असतील तर टाकी भरलेली आहे, थांबा. वाढीच्या दिवसांत ते आत ओढले गेले आणि दोन बोटांनी दाबल्यावर अंग थोडे सैल लागले, तर संध्याकाळी पाणी द्या. त्या रात्रीपासून त्याचा श्वास पुन्हा नीट सुरू होईल.